चौथा रोडगा

पाहुण्यानं चौथा रोडगा घेतला तेव्हाच भैरवीनं घड्याळाकडे पाहिलं.

घेतला म्हणणंही तसं खरं नाही. सुचित्राबाईंनी तो वाढला. "नको, नको" म्हणत पाहुण्यानं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले होते, पण बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला दोन हातांमधली फट सापडायला कितीसा वेळ लागतो? रोडगा पडला, चुरला गेला, आणि त्यावर तुपाची धार धरून सुचित्राबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे तुपाला पुरे म्हणायची पद्धत नाही हो, अनिकेतराव."

"आई, पुरे ना आता," भैरवी म्हणाली. "त्यांना अजून बोलायचंय."

"बोलतील की. पळून चाललेत का कुठे?"

आता रोडगा काय चीज आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याला चौथ्या रोडग्याचं गांभीर्य कळायचं नाही. कणकेचा मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात तासभर भाजलेला. फडक्यानं राख झटकायची, चुरायचा, तूप घालायचं आणि वांग्याच्या भाजीसोबत हाणायचा. एक खाल्ला की माणूस खूश होतो. दुसऱ्यानंतर पट्टा सैल करतो. तिसऱ्यानंतर त्याचं जगाशी फारसं भांडण उरत नाही. चौथा या वावरात, म्हणजे भैरवीच्या घरच्या शेतात, आजवर फक्त शेत पाहणाऱ्या मारोतरावांनी पचवला होता, आणि मारोतराव पहाटेपासून तूर कापून आलेले असत. अनिकेत विमानातून आला होता. पांढरे बूट घालून.

हा अनिकेत मूळचा पुण्याचा, पण नोकरीला बेंगळुरूच्या एका बड्या फर्ममध्ये. नव्या कंपन्या शोधायच्या, त्यात पैसे घालायचे, हिस्सा घ्यायचा आणि देव पाण्यात घालून बसायचं, हा त्या फर्मचा धंदा. भैरवीच्या घरच्यांच्या, म्हणजे आर्णीकरांच्या 'वाघाडी व्हेंचर्स'चाही धंदा तोच. फरक इतकाच, की त्यांच्याकडे पैशांचा समुद्र होता आणि आर्णीकरांकडे नागपूर रोडवरचा प्लॉट विकून आलेली रक्कम, भैरवीच्या वडिलांचा, नंदकिशोररावांचा, रिटायरमेंटचा फंड आणि चार नातेवाइकांनी भीत भीत दिलेलं काहीबाही. चार वर्षांपूर्वी साकेत बेंगळुरूहून परत आला आणि त्यानं हे सगळं उभं केलं. कार्डावर 'मॅनेजिंग पार्टनर' असं लिहिलं. भैरवीनं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, बँकेची नोकरी सोडली आणि स्कूटर काढली. आठ कंपन्यांमध्ये आजवर पैसे घातले, त्यातल्या सहा तिनं स्वतः हिंडून हुडकलेल्या. तिच्या कार्डावर काय लिहायचं हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण तिचं कार्ड कोणी छापलंच नव्हतं.

नववी ठरायची होती, ती सोनूची. ती आत्ता पंगतीच्या टोकाला बसली होती, समोरचा एकच रोडगा तसाच ठेवून. पांढरकवड्याची पोरगी, सव्वीस वर्षांची. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाचे डोंगराएवढे ढीग लागतात, ते आतल्या आत तापतात, कधी धुमसतात, आणि वरून कोणाला पत्ता नसतो. सोनूनं एक सळई बनवली होती. ती ढिगात खुपसली की आत किती तापलंय हे फोनवर कळायचं आणि धोका वाटला की फोन बोंबलायचा. यंदाच्या हंगामात तीन जिनिंगवाल्यांनी ती वापरून पाहिली होती.

आज अनिकेतची फर्म सोनूच्या कंपनीत पैसे घालायला पुढे झाली नाही तर दोन गोष्टी होणार होत्या. सोनू सोमवारी हैदराबादच्या नोकरीवर रुजू होणार होती. बापाला तिनं तसा शब्द दिला होता. आणि साकेत मार्चपासून वाघाडीचं ऑफिस पुण्याला हलवणार होता. "इथे बसून मोठे लोक भेटत नाहीत," हे त्याचं म्हणणं. बाणेरला जागा बघून झाली होती. भैरवीला त्यानं 'तू ये' म्हटलं नव्हतं आणि 'तू येऊ नको' असंही म्हटलं नव्हतं. विचारायचं राहूनच गेलं होतं.

म्हणून तर आजची सगळी आखणी तिनं स्वतः केली होती. वाघाडीचा नियमच होता: रोडगे निखाऱ्यात गेले की बोलणं सुरू, रोडगे बाहेर आले की बोलणं बंद, मग पंगत. भुकेला माणूस लक्ष देऊन ऐकतो आणि उगाच लांबड लावत नाही. आठही वेळी हेच झालं होतं. आज मात्र अनिकेत गाडीतून उतरतो न उतरतो तोच सुचित्राबाई म्हणाल्या, "आधी दोन घास खाऊन घ्या." नंदकिशोररावांनी मान डोलावली, आणि नियम गेला उडत.

हात धुऊन अनिकेत आंब्याखालच्या बाजेपाशी आला. "दोन मिनिटं टेकतो हं, मग सुरू करू," म्हणाला. पाऊण वाजला होता. एक वाजता तो घोरत होता.

"उठवा त्याला," साकेत दबक्या आवाजात म्हणाला. "कोणीतरी उठवा. चारला निघाला नाही तर नागपूरचं विमान चुकेल."

"खबरदार," नंदकिशोरराव म्हणाले. "झोपल्या पाहुण्याले उठवत नसतेत."

"बाबा, तो पाहुणा नाही, इन्व्हेस्टर आहे."

"आपल्या वावरातलं जेवला ना? मंग पाहुणाच झाला." नंदकिशोरराव ट्रेझरीत होते आणि तिथे शिकलेलं तत्त्वज्ञान त्यांनी रिटायर झाल्यावरही परत केलं नव्हतं. "मी सांगतो तुले. चौऱ्याण्णव साली आमच्याकडे तपासणीले साहेब आलता. जेवला अन् रेस्ट हाउसवर झोपला. बडे बाबू म्हणे उठवू, उठवू. मी म्हटलं, राहू द्या. साहेब संध्याकाळी उठला, चहा पेला, 'उत्तम' असा शेरा मारला अन् गेला. उठवला असता तर निघाली असती ना भानगड?"

"म्हणजे भानगड होती?" केतकीनं विचारलं. केतकी म्हणजे साकेतची बायको. तिचं माहेर पुण्याचं, त्यामुळे पुण्याला जायची घाई तिलाच आहे असं घरात सगळे धरून चालले होते.

"प्रश्न तो नाही, सूनबाई," सासरे म्हणाले.

केतकीनं फोन काढला. "मी त्यांना नुसती रिंग देते. आपण उठवलं असं होणार नाही."

"अगदी बरोबर," साकेत म्हणाला.

नंदकिशोररावांनी हात पुढे केला. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं आंब्याकडे पाहिलं, आणि फोन सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात गेला. मग साकेतचाही गेला.

वावर पाहणारे मारोतराव इतका वेळ तंबाखू मळत ऐकत होते. त्यांना साकेतची दया आली. "मोटर चालू करू का भाऊ? फटफट आवाज होते. तो आपोआप उठन, कोणाचं नाव नाई."

"करा, करा!"

"पण विजेची लाईन रातची हाय ना या हप्त्यात," मारोतराव विचार करून म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली.

तेवढ्यात चुलीजवळ धडाडकन भाजीचं पातेलं आपटलं. बेबीताईंच्या, म्हणजे मारोतरावांच्या बायकोच्या हातून निसटलं की त्यांनी सोडलं, हे देवाला माहीत. अनिकेत बाजेवर हलला. साकेत दोन पावलं पुढे सरकला. त्यानं कूस बदलली, झोपेतच "इंटरेस्टिंग" असं म्हणाला आणि पुन्हा घोरायला लागला.

"मेला थोडीच हाय, जिता हाय," बेबीताई म्हणाल्या. "झोपू द्या ना बाप्पा त्याले!"

भैरवीला हसूही येईना आणि रडूही येईना. सोनू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एकटी जाऊन बसली होती, मांडीवर लॅपटॉप, त्यावर फडक्यात गुंडाळलेली सळई. तिच्याकडे बघवेना. भैरवी तडक हौदाकडे गेली. सुचित्राबाई तिथे पदर खोचून तुपाचं भांडं घासत होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या.

"आई, काय केलंस हे तू? कायले इतकं खाऊ घातलं त्याले?" राग आला की भैरवीचं बँकेतलं मराठी गळून पडे. "चार महिने मी या दिवसासाठी मरून राह्यली. चार महिने! अन् तू त्याले चार रोडगे चारले?"

"पाचवाही काढून ठेवला होता," सुचित्राबाई म्हणाल्या. "लागला नाही."

भैरवी तिच्यासमोर हौदाच्या काठावर बसली.

"शाळेत माझा तास नेहमी डब्याच्या सुट्टीनंतर," आई राखेनं भांडं घासत शांतपणे म्हणाली. "कोणत्या पोरानं काय खाल्लंय आणि ते किती वेळ झोपणार, हे मला फळ्याकडे तोंड करूनही कळायचं. हा साडेतीनच्या आत उठत नाही. तुझ्याकडे अडीच तास आहेत."

"कशाला?"

"बोलायला. हा जागा असता तर साकेत त्याच्याकडे बघून बोलला असता, ती पोरगी त्याच्याकडे बघून बोलली असती, आणि तू पाणी देत फिरली असतीस. आठ वेळा पाहिलंय मी. साकेत वाईट नाही गं, पण त्याच्या अंगवळणी पडलंय. तुझ्याही पडलंय."

"मग सांगायचं ना मला आधी!"

"सांगितलं असतं तर तू आधी साकेतला विचारलं असतंस."

ते खरं होतं. आईचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि त्या रागाच्या भरातच ती चालत धुऱ्यावर गेली.

"सोनू, ऊठ. चल, सांग तुझं."

"ते उठले का मॅडम?"

"नाही. आम्हाला सांग."

आंब्यापासून वीसेक पावलांवर, मारोतरावांच्या झोपडीच्या सावलीत सतरंजी पडली. साकेत कुरकुरत आला. "अगं, पण अनिकेत उठू दे ना. दोनदा कशाला सांगायला लावतेस तिला?"

"आपलेही पैसे जाणार ना दादा यात? मग आपण ऐकायला त्याचं जागं असणं कायले पायजे?"

साकेतनं आईकडे पाहिलं, आईनं पदरानं हात पुसत सतरंजीवर जागा केली, आणि तो बसला.

सोनूनं लॅपटॉप उघडला, चार ओळी इंग्रजीत म्हटल्या आणि अडखळली. सुचित्राबाई म्हणाल्या, "ते मिट, बाई. तू काय पाहिलंस ते सांग."

मग मात्र पोरगी सुटली. बाप जिनिंगमध्ये मिस्त्री. ती नऊ वर्षांची असताना डबा घेऊन गेली होती, बाप ढिगावर उभा राहून ताडपत्री ओढत होता. "बाबा खाली उतरला अन् म्हणे, पाय कसे पोळून राह्यले? चप्पल काढून पाह्यलं तर तळवे लाल. वरून पांढराशुभ्र कापूस, काका, अन् आतून दोन दिवसांपासून धुपत होता. बाबा उतरला अन् घंट्याभरानं तो ढीग आत खचला. बाबा असता ना वर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "त्या दिवसापासून मले ढीग दिसला की हात लावून पाहावा वाटते. म्हणून ही सळई."

नंदकिशोररावांनी खिशातला केतकीचा फोन उगाच बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला.

"हंगाम किती महिन्यांचा?" सुचित्राबाईंनी विचारलं.

सोनूचा चेहरा उतरला. "चार. लई झाले तर पाच."

"आणि उरलेले सात महिने तुझी सळई काय करते?"

"हेच!" साकेत मांडीवर हात मारून म्हणाला. "आई, हाच प्रश्न अनिकेत पहिला विचारणार होता, आणि याचं उत्तर आपल्याकडे नाही. सात महिने बंद राहणाऱ्या कंपनीत कोण पैसे घालेल? मी भैरवीला सांगितलं होतं. म्हणून तर आजच्यासाठी मी वीस स्लाइड करायला लावल्या, हा प्रश्न येईपर्यंत तो थकावा म्हणून."

"तो आधीच थकला," केतकी म्हणाली.

चार महिने भैरवी या एका भोकावर चादर घालत आली होती. आता ती चादर आईनं सगळ्यांसमोर ओढली होती.

तेव्हा चुलीपाशी भांडी लावणाऱ्या बेबीताई मान वर न करता म्हणाल्या, "कोळशाले नाई चालत का ते?"

"काय?"

"कोळशाले. माहा भाऊ श्रावण वणीले कोळशाच्या टालावर, वखारीत, मुनीम हाय. उन्हाळ्यात कोळशाचा ढीग आपोआप पेटते, बाई. कोणी काडी नाई लावत, काई नाई. आतून तापत जाते अन् धूर काढते. तो बिचारा एप्रिल-मेमधी घरी नाई येत. ढिगाले हात लावत फिरते."

सोनू उभी राहिली. मांडीवरची सळई खाली पडली, तिचं तिला भान नव्हतं. "हात लावत फिरते?"

"मंग! हातानंच पाहतेत."

भैरवीनं बाबांच्या खिशात न गेलेला स्वतःचा फोन काढला. बेबीताईंनी नंबर सांगितला. श्रावणनं तिसऱ्या रिंगला उचलला, आणि अख्खं आर्णीकर कुटुंब सतरंजीवर वाकून ऐकायला लागलं.

"कोळसा तापते का म्हणता? रोजच तापते ना! मागच्या उन्हाळ्यात माह्या दोन मजुरांचे हात पोळले. आमच्या एकट्याचं कायले, या लायनीत पंधरा-वीस टाल हायेत. पावसाळ्यातही वल्ला कोळसा बेईमानच असते. का म्हणता? सळई? कितीले देता? आज पाठवता का?"

फोन ठेवल्यावर सोनू बेबीताईंच्या गळ्यातच पडली. "मावशी, मी दोन वर्षं कापसाच्या बाहेर पाह्यलंच नाही ओ! वणी आमच्यापासून घंट्याभरावर आहे!"

"सोड व माय, हात खरकटे हायेत," बेबीताई म्हणाल्या, पण त्यांनीही तिला सोडलं नाही.

साकेत दाढी खाजवत होता. तो हुशार होता, हे भैरवीनंही कधी नाकारलं नव्हतं, आणि हुशार माणसाच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं की त्याचा चेहरा लपत नाही. "हे अनिकेतला आवडेल," तो म्हणाला. "उठला की आधी हेच सांगू. कापूस आणि कोळसा. तो घेईल पुढाकार. त्याच्यामागे आपण थोडे घालू."

"नाही," भैरवी म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"पुढाकार आपला. अटी आपण ठरवायच्या, सोनूच्या शेजारी आपण बसायचं. त्यांना यायचं तर आपल्या मागून यावं." तिनं सोनूकडे बोट दाखवलं. "त्यांनी पुढाकार घेतला तर सहा महिन्यांत सोनूला बेंगळुरूला नेतील. जिनिंग इथं, टाल इथं, अन् ती तिथं बसून काय करेल?"

"भैरवी, आपल्याकडे एवढे पैसे आहेत का?"

"आहेत. पुण्याचं ऑफिस नाही घेतलं तर आहेत."

आंब्याखालून घोरणं तेवढं ऐकू येत होतं.

"हे बरं आहे," साकेतचा आवाज चढला. "म्हणजे मी इथेच सडायचं. आणि केतकीचं काय? ती चार वर्षं इथे काढतेय, तिला पुण्याला जायचंय, तिचा विचार..."

"एक मिनिट," केतकी म्हणाली. "मी कधी म्हटलं?"

"काय?"

"मला पुण्याला जायचंय, असं मी कधी म्हटलं, साकेत? तूच सगळ्यांना सांगतोस. मावशींना सांगितलंस, काकांना सांगितलंस, ब्रोकरलासुद्धा सांगितलंस, 'मिसेसचा आग्रह आहे'. माझं काम घरून चालतं. सकाळी मी अंगणात बसून मीटिंगा घेते. पुण्यात मला आईच्या तिसऱ्या मजल्यावरचं ग्रिल मिळणार आहे बघायला."

नंदकिशोररावांनी खिशातून तिचा फोन काढून मुकाट्यानं तिला परत केला. साकेतचा ठेवून घेतला.

साकेतला लागलं ते भैरवीला दिसलं. तो सतरंजीचा दोरा ओढत म्हणाला, "मग मी चार वर्षं केलं ते काय? मी कमी पडलो का?"

"नाही रे दादा." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तू नसता आलास तर मी अजून बँकेत पासबुकं छापत असते. पण तू त्या लोकांसारखं व्हायला निघालास अन् मला इथंच ठेवून निघालास. मला एकदा विचारलं पण नाहीस. सहा कंपन्या मी आणल्या. उन्हातान्हात, त्या खटारा स्कूटरवर. मला पाहुण्याला पाणी द्यायचं काही वाटत नाही. पण त्याच्यासमोर बसायचं आहे मला. तू बसतोस तसं."

सोनू खाली मान घालून सळईचं टोक पुसत होती. मारोतराव आभाळ बघत होते, जानेवारीच्या कोरड्या आभाळात जणू काही दिसत असावं.

नंदकिशोरराव खाकरले. वाघाडीच्या प्रत्येक बैठकीत ते शेवटी एकच वाक्य म्हणत, 'साकेत म्हणते तसं', आणि बैठक संपे. भैरवी त्या वाक्याची वाट पाहत बसली.

"मले एक सांग, पोरी," ते म्हणाले. "ट्रेझरीत मी एकच पाहत होतो. खाली सही कोणाची. कागद कसाही असो. बुडालं तर नाव कोणाचं?"

"माझं."

"नातेवाईक विचारतीन. अमरावतीचा तुझा मामा तर रोज फोन करन."

"मी उचलेन."

"हे मोठं काम आहे," सुचित्राबाई म्हणाल्या. "माझा भाऊ तासभर सोडत नाही."

नंदकिशोररावांनी बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग लेकाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून म्हणाले, "मंग यावेळी भैरवी म्हणते तसं."

सुचित्राबाईंच्या पिशवीतून शंभर पानी वही निघाली. पुढच्या तासाभरात तिच्या रेघांवर अटी उतरल्या. भैरवी सांगत होती, सोनू घासाघीस करत होती, सुचित्राबाई टक्केवारी तपासत होत्या. साकेत आधी लांब बसून राहिला. मग "हे असं लिहाल तर पुढच्या फेरीत मार खाल" म्हणत जवळ सरकला आणि तीन कलमं त्यानंच दुरुस्त केली. ती खरोखर चुकलेली होती. शेवटी खाली सही करायची वेळ आली तेव्हा पेन त्याच्या हातात होतं. त्यानं ते भैरवीला दिलं.

तीन पस्तीसला अनिकेत उठला. गालावर बाजेच्या सुतळीची नक्षी उमटली होती. घड्याळ बघून तो ताडकन उभा राहिला आणि पांढऱ्या बुटांच्या शोधात अनवाणी धावला. "बापरे! सॉरी, सॉरी! उठवायचं ना! असं कधीच होत नाही माझं. करू या सुरू? वीस मिनिटं आहेत."

"झालं आमचं," भैरवी म्हणाली आणि वही पुढे केली.

त्यानं उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला तो बाजेवर बसला. 'कोळसा' या शब्दापाशी त्याची झोप पुरती उडाली. पान उलटून त्यानं पुन्हा पहिलं पान काढलं.

"हे कधी ठरलं?"

"तुम्ही 'इंटरेस्टिंग' म्हणालात त्यानंतर," केतकी म्हणाली.

"पण मग यात आम्ही कुठे आहोत?" त्यानं साकेतकडे पाहून विचारलं.

साकेत बूट घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तुमच्यासाठी थोडी जागा ठेवली आहे," भैरवी म्हणाली आणि बाजेच्या समोरच्या खुर्चीवर बसली. "सहाव्या कलमात. मंगळवारपर्यंत कळवा. सोनूच्या हैदराबादवाल्यांना आम्ही आजच नकार कळवतोय, त्यामुळे आम्हाला थांबता येणार नाही. आणि कंपनी यवतमाळ जिल्ह्यातून हलणार नाही, ते पहिलं कलम आहे. ते नीट वाचा."

अनिकेतनं ते नीट वाचलं. मग वहीच्या पानांचे फोटो काढले, सगळ्यांच्या पाया पडला, बेबीताईंच्याही, आणि पाचवा रोडगा बांधून घेऊन गाडीत बसला. धूळ उडवत गाडी पांढरकवड्याच्या रस्त्याला लागली.

नंदकिशोररावांनी साकेतचा फोन परत केला, तो नेमका हातात येताच वाजला. साकेत दोन पावलं तुरीच्या ओळींत शिरून बोलायला लागला. भैरवी सतरंजी झटकत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"हां, बोला. नाही, भाड्याचा प्रश्न नाही. जागा चांगलीच आहे... नाही, मिसेसचं पण काही नाही. सोडून द्या ती, दुसऱ्याला द्या. अहो, कारण काय सांगू आता? आमच्या मॅनेजिंग पार्टनर नाही म्हणाल्या."

मॅनेजिंग पार्टनर तर तुम्हीच होतात ना, असं पलीकडच्या ब्रोकरनं विचारलं असावं. साकेतनं वळून बहिणीकडे पाहिलं. ती सतरंजीचं एक टोक हातात धरून तशीच उभी होती.

"होतो," तो फोनमध्ये म्हणाला. "आता मी त्यांचा भाऊ आहे."